पाळीतला जास्त रक्तस्राव कमी करणारी गोळी: दुष्परिणाम खरे किती, भीती किती?

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला एका मैत्रिणीचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. गोळ्यांची पट्टी, त्यातल्या दोन गोळ्या संपलेल्या. खाली मेसेज होता, "अगं, डॉक्टरांनी दिल्यात. पण आत्ताच एक रील बघितलं. यानं रक्ताच्या गुठळ्या होतात म्हणे. बंद करू का?"

फोन लावल्यावर बाकीचं कळलं. सहा महिने तिला पाळीत दर तासा-दीड तासाला पॅड बदलावं लागत होतं. ऑफिसला जाताना गडद रंगाचीच पँट, बॅगेत कपड्यांचा एक जादा जोड. जिने चढताना धाप लागायला लागली तेव्हा ती डॉक्टरकडे गेली. गोळी मिळाली, दोन घेतल्या आणि चाळीस सेकंदांचं रील बघून ती थांबली.

पट्टीवर नाव होतं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बायकांना हे औषध सर्रास दिलं जातं. रीलमध्ये सांगितलेलं खोटं नव्हतं, पण ते अर्धंच होतं. कुणाला, किती दिवस घेतल्यावर आणि कितीजणींपैकी एकीला, हे त्यात नव्हतं. दुष्परिणामांच्या बाबतीत खरी माहिती तिथेच असते. म्हणून हे जरा सविस्तर.

ही गोळी नेमकं करते काय?

जखम झाली की शरीर तिथे रक्ताची गुठळी करतं आणि रक्त थांबतं. काम झालं की ती गुठळी विरघळवायची सोयही शरीरातच असते. प्लाझ्मिन नावाचा घटक गुठळीतले धागे तोडतो. पाळीच्या दिवसांत गर्भाशयाच्या अस्तरात ही विरघळवण्याची क्रिया जोरात चालू असते. काहीजणींमध्ये ती गरजेपेक्षा जास्तच जोरात चालते, मग रक्त थांबायचं नाव घेत नाही.

ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड गुठळी तयार करत नाही. तयार झालेली गुठळी लवकर विरघळू देत नाही. खपली धरलीय आणि कुणीतरी ती सारखी खरवडतंय, तर ही गोळी त्या खरवडणाऱ्याचा हात धरून ठेवते, असं समजा.

यामुळे पाळीतला रक्तस्राव साधारण ४० टक्क्यांच्या आसपास कमी होतो. पूर्ण थांबत नाही. पाळी नियमित होत नाही, पुढे-मागे जात नाही. ही गर्भनिरोधक गोळी नाही आणि यात हार्मोनही नाही. ती घ्यायची फक्त जास्त रक्त जातं त्या दिवसांत. ब्रिटनमध्ये साधारण चार दिवसांपर्यंत आणि अमेरिकेत जास्तीत जास्त पाच दिवस, अशी मर्यादा आहे. अमेरिकेच्या एफडीएने पाळीच्या रक्तस्रावासाठी या गोळीला २००९ मध्ये मान्यता दिली.

मग गुठळ्यांचं काय?

गुठळी विरघळू द्यायची नाही हेच औषधाचं काम असेल, तर नको तिथे, म्हणजे पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात, झालेली गुठळीही टिकून राहील का? ही शंका अगदी रास्त आहे. औषधाच्या माहितीपत्रकातही हा इशारा असतो.

यावरचा एक मोठा अभ्यास डेन्मार्कमधला आहे. तिथे देशभरातल्या औषधांच्या आणि आजारांच्या नोंदी एकमेकींशी जोडता येतात. १९९६ ते २०१७ या काळातल्या १५ ते ४९ वयाच्या, आधी गुठळ्यांचा आजार नसलेल्या बायकांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोळी न घेणाऱ्यांमध्ये शिरेत गुठळी होण्याचं प्रमाण १० हजारजणींमागे वर्षाला सुमारे २.५ होतं. गोळी चालू असलेल्या दिवसांवरून काढलेला वर्षाचा दर ११.८ होता. वय वगैरे फरक जमेस धरल्यावर धोका साधारण चौपट निघाला.

"चौपट" हा शब्द रीलसाठी भारी आहे. तो ऐकून कुणीही पट्टी कचऱ्यात टाकेल. पण त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे. सुमारे ७८ हजार ५०० बायकांनी प्रत्येकी पाच दिवस गोळी घेतली, तर त्यातल्या एकीला गोळीमुळे जास्तीची गुठळी होण्याची शक्यता. आता कुणी दर पाळीला पाच दिवस अशी वर्षभर बारा वेळा गोळी घेतली, तर ढोबळ हिशेबाने साडेसहा हजारजणींत एक.

दोन्ही आकडे एकाच अभ्यासातले आणि दोन्ही खरे. पहिला सांगतो की धोका किती पटीने वाढला. दुसरा सांगतो की मुळात तो होता किती आणि वाढून किती झाला. खूप छोटी गोष्ट चौपट झाली तरी ती छोटीच राहू शकते. औषधाबद्दलची कुठलीही बातमी वाचताना "इतक्या पटीने धोका" दिसलं की पुढचा प्रश्न हाच विचारायचा, "म्हणजे कितीजणींत किती?"

पण याचा अर्थ "बिनधास्त घ्या" असाही नाही. हा हिशेब आधी गुठळी न झालेल्या बायकांचा आहे. जिला आधीच धोका आहे, तिचं गणित वेगळं.

कुणी ही गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये?

पायाच्या शिरेत, फुप्फुसात किंवा मेंदूत आधी कधी गुठळी झाली असेल, तर ही गोळी सहसा दिली जात नाही. घरात आई, बहीण, भाऊ यांना कमी वयात असा त्रास झाला असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं.

इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्यांचाही गुठळ्यांचा स्वतःचा धोका असतो. दोन्ही एकत्र घेतलं की तो आणखी वाढू शकतो. अमेरिकेतल्या माहितीपत्रकात तर अशी जोडी घेऊच नका असं स्पष्ट लिहिलेलं आहे. सिगारेट, जास्त वजन, नुकतंच झालेलं ऑपरेशन, बरेच दिवस अंथरुणाला खिळून असणं, हेही धोका वाढवणारेच.

किडनीचा आजार असेल तर डोस कमी करावा लागतो, कारण हे औषध बहुतांश लघवीवाटेच बाहेर पडतं. लघवीतून रक्त जात असेल तर तेही सांगा. मूत्रमार्गात रक्त साकळून अडथळा होऊ शकतो. आधी कधी फिट आली असेल तर तीही माहिती लपवू नका. मोठ्या डोसची इंजेक्शनं दिल्यावर, विशेषतः हृदयाच्या ऑपरेशनमध्ये, फिट आल्याच्या नोंदी आहेत.

आणि सगळ्यात आधी, हा रक्तस्राव पाळीचाच आहे का याची खात्री हवी. गरोदरपणातला रक्तस्राव, पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा दिसलेलं रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये जाणारं रक्त, यांवर गोळी हे उत्तर नाही. तिथे तपासणी लागते.

बहुतेकींना होणारे त्रास कोणते?

गुठळीची चर्चा जास्त होते, पण प्रत्यक्षात जाणवतात ते साधे त्रास. मळमळ, उलटी, जुलाब, पोटदुखी. काहीजणींना डोकेदुखी, पाठदुखी, अंगदुखी किंवा पायात गोळे येणं. डोस कमी केला की पोटाचा त्रास बऱ्याचदा कमी होतो, पण तो किती कमी करायचा हे डॉक्टरांनाच विचारायचं. अंगावर पित्त उठणं, ओठ किंवा चेहरा सुजणं ही अ‍ॅलर्जी असू शकते. रंग वेगळे दिसायला लागले किंवा नजर अंधूक झाली तर गोळी थांबवून डोळे तपासून घ्यायचे. हे क्वचितच होतं, पण अंगावर काढायचं नाही.

आपल्याकडची एक खास गोष्ट इथे सांगायला हवी. भारतात मिळणाऱ्या बऱ्याच पट्ट्यांमध्ये एकाच गोळीत दोन औषधं असतात, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड आणि मेफेनॅमिक अ‍ॅसिड. दुसरं औषध वेदनाशामक आहे. पोटात आग पडणं, अ‍ॅसिडिटी, अल्सर असलेल्यांना होणारा त्रास, काही दमेकऱ्यांची वाढलेली धाप, हे दोष बऱ्याचदा या दुसऱ्या औषधाचे असतात. त्यात पाळीच्या दुखण्यासाठी घरातली वेगळी पेनकिलर घेतली तर तीच जातकुळी दुप्पट झाली. म्हणून मेडिकलमधून बाहेर पडण्याआधी पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. नावं किती आहेत, एक की दोन?

तीच गोळी, वेगवेगळ्या लढाया

या औषधाचा जन्म जपानचा. उताको ओकामोतो आणि शोसुके ओकामोतो या संशोधक दांपत्याने ते शोधलं आणि १९६२ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. बाळंतपणानंतर रक्त जाऊन मरणाऱ्या बायका वाचाव्यात, ही उताको यांची इच्छा होती. त्यासाठीची मोठी चाचणी व्हायला पुढची पन्नासेक वर्षं गेली. २१ देशांतल्या २० हजारांवर बाळंतिणींवरच्या 'वुमन' या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत इंजेक्शन मिळालं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू १.७ टक्क्यांवरून १.२ टक्क्यांवर आले. गुठळ्यांचं प्रमाणही वाढलेलं दिसलं नाही. उताको यांना मात्र हा निकाल बघता आला नाही. एक वर्ष आधी, २०१६ मध्ये त्या गेल्या.

आता दुसरी बाजू. जठर किंवा आतड्यातून रक्त जाणाऱ्या १२ हजार रुग्णांवरची 'हॉल्ट-इट' ही चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे याच औषधाचा मोठा डोस २४ तास दिला होता. मृत्यू कमी झाले नाहीत. शिरेतल्या गुठळ्या मात्र ०.४ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर गेल्या.

एकच औषध, एका ठिकाणी जीव वाचवणारं, दुसऱ्या ठिकाणी फायदा शून्य आणि धोका जास्त. त्यामुळे "हे औषध चांगलं की वाईट" हा प्रश्नच चुकतो. कुणाला, कशासाठी, किती आणि किती दिवस, हे प्रश्न खरे.

हेच सोशल मीडियावरच्या त्वचेच्या सल्ल्यांनाही लागू होतं. चेहऱ्यावरच्या वांगासाठी ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या त्वचारोगतज्ज्ञ देतात. डोस कमी असतो, पण गोळी रोज आणि काही महिने चालते. पाळीतले चार-पाच दिवस आणि सलग तीन महिने यात फरक आहे. कुणाचं तरी "माझा ग्लो" बघून या गोळ्या मागवणारीला आपण रक्ताशी संबंधित औषध घेतोय हे ध्यानातही नसतं. मग गर्भनिरोधक गोळी लिहून घेताना ती हे सांगत नाही. चेहऱ्याला वरून लावायचं सीरम हा वेगळा प्रकार आहे, त्याची आणि गोळीची गल्लत नको.

पाळी पुढे ढकलायची गोळी ती हीच का?

नाही. आणि ही गल्लत आपल्याकडे फार होते. गौरी-गणपती, घरातली पूजा, लग्न, देवदर्शनाची सहल आली की घरात एक गोळी फिरते. तिला "पाळीची गोळी" एवढंच नाव असतं. ती बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन असते, म्हणजे हार्मोन. जास्त रक्तस्रावासाठी तीही डॉक्टर देतात, म्हणून गोंधळ आणखी वाढतो.

नॉरएथिस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनच्या एका प्रकारात बदलतो. डोस मोठा असेल तर गुठळ्यांच्या दृष्टीने त्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. पाळी लांबवायला आठ-दहा दिवस ही गोळी घेतली, बंद केल्यावर रक्त जास्त गेलं, म्हणून जावेने दिलेली दुसरी पट्टी घेतली, असं सहज घडू शकतं. दोन गोळ्या, दोन वेगळ्या वाटा, पण गुठळीचा धोका दोन्हींच्या यादीत. "काकूंना चालली होती" हा वैद्यकीय सल्ला होत नाही, कारण काकूंचं रक्त, वय आणि बाकीची औषधं वेगळी.

आणि गोळी न घेण्याचे दुष्परिणाम?

ही यादी कुठल्याच पट्टीवर छापलेली नसते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के. याचं कारण एकटी पाळी नाही. आहार, लागोपाठची बाळंतपणं, जंत, असं बरंच आहे. पण आधीच रक्त कमी असलेल्या बाईचं दर महिन्याला जास्त रक्त गेलं, तर ती भरून कधी काढणार? थकवा, धाप, चक्कर, कामावरचे खाडे, हे सगळं "बायकांचं असतंच" म्हणून खपून जातं.

याचं टोक आपण बीडमध्ये बघितलं. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. ८२,३०९ पैकी १३,८६१ बायकांचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे साधारण सहापैकी एकीचं. कारणं अनेक होती. फडात ना शौचालय ना पाणी, पाळीत खाडा झाला की पैसे कापले जाणार, कॅन्सरची दाखवलेली भीती आणि खासगी दवाखान्यांचा धंदा. पण अंगावरून जाणं, पोटदुखी, जास्त रक्तस्राव अशा तक्रारींवर आधी तपासणी आणि साधे उपचार व्हायला हवे होते. कित्येकींच्या बाबतीत तीच पायरी गाळली गेली. गरज नसताना गर्भाशय काढण्याबाबत केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला.

गोळीचे दुष्परिणाम तोलायचे तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात हे ठेवावं लागतं.

मग करायचं काय?

आधी जास्त रक्तस्राव ओळखा. पॅड एक-दोन तासांत भिजणं, रात्री उठून बदलावं लागणं, पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालणं, मोठ्या गाठी पडणं, त्यामुळे शाळा-कॉलेज-कामाला दांडी मारावी लागणं, यातलं काहीही असेल तर डॉक्टरकडे जा. फायब्रॉइडच्या गाठी, थायरॉइड, तांबी, रक्त न गोठण्याचा जन्मजात दोष अशी कारणं त्यामागे असू शकतात. गोळी रक्त कमी करते, कारण शोधत नाही. दर महिन्याला गोळी घेऊनही फरक नसेल तर पुन्हा दाखवा. लोहाच्या गोळ्या, हार्मोनची तांबी असे इतर पर्यायही आहेत.

डॉक्टरांना हे चार प्रश्न विचारा:

१. या गोळीत एक औषध आहे की दोन?
२. नेमकी कुठल्या दिवसापासून आणि किती दिवस घ्यायची?
३. माझ्या बाकीच्या गोळ्यांसोबत, विशेषतः गर्भनिरोधक किंवा त्वचेच्या, ती चालेल का?
४. हिमोग्लोबिन कधी तपासायचं?

आणि ही लक्षणं दिसली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा: एकाच पायाची पोटरी सुजणं, दुखणं किंवा गरम लागणं. अचानक धाप, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त. अचानक तीव्र डोकेदुखी, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं, नजर जाणं. अशा वेळी "सकाळी बघू" नको. १०८ ला फोन करा.

कुठल्याही औषधाचा त्रास झाला तर तो नोंदवता येतो, हे फार कमी जणांना माहीत असतं. भारत सरकारच्या औषध दक्षता कार्यक्रमाचा टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. रुग्ण स्वतःही तक्रार नोंदवू शकतो. डेन्मार्कचे आकडे आपण वापरतो, कारण त्यांच्या नोंदी आहेत. आपल्या बायकांना काय होतं हे कळायला आपल्या नोंदी लागतील.

मैत्रिणीला त्या रात्री मी "घे" म्हणाले नाही आणि "बंद कर"ही म्हणाले नाही. एवढंच विचारलं, "डॉक्टरांना तू सांगितलंस का, की पीसीओडीसाठी तुझ्या दुसऱ्या गोळ्या चालू आहेत?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्या हार्मोनच्या आहेत ना?"

दुसऱ्या दिवशी ती दोन्ही पट्ट्या पर्समध्ये घालून डॉक्टरकडे गेली. एक गोळी बदलली, लोहाची सुरू झाली, सोनोग्राफी झाली आणि एक छोटा फायब्रॉइड सापडला. आता उपचार चालू आहेत. ते रील तिने मला पुन्हा पाठवलं. या वेळी खाली लिहिलं होतं, "यात दुसऱ्या गोळीचं कुणी विचारलंच नाही."